शेवटचा माणूस



पवित्र भूमीच्या यात्रेहून परत आल्यापासून मंडळीतले बरेच जण विचारतात, "प्रवास कसा झाला?" आम्ही फोटो दाखवतो. गालील समुद्र दाखवतो, बेथलेहेम दाखवतो, यार्देनेचं पाणी बाटलीत भरून आणलं ते दाखवतो. एक दिवस मात्र आम्ही कोणाला दाखवला नाही. त्या दिवसाचे फोटो थोडे आहेत, आणि जे आहेत ते बघवत नाहीत. महिन्याभरापूर्वी आम्ही सगळे पुन्हा एकत्र बसलो आणि ठरवलं की तो दिवस लिहून मंडळीपुढे ठेवायचा. हा लेख आमच्यापैकी एकाने लिहिला असला तरी 'आम्ही' असाच लिहिला आहे, कारण चूक कोणा एकाची नव्हती.

आम्ही बेळगावहून अकरा जण गेलो होतो. तरुण संघातले चौघे, महिला मंडळातल्या तिघी, रविवार शाळेचे दोन शिक्षक, एक सेवक आणि काका. काका म्हणजे आमच्या मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ स्वयंसेवक. वय 68, रेल्वेतून निवृत्त. मावशी दोन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेल्या. यरुशलेम बघायचं हे मुळात मावशींचं स्वप्न. त्यांचं जुनं बायबल काका कापडात गुंडाळून बरोबर घेऊन आले होते.

खरं सांगायचं तर गटाचा दर मिळायला अकरा माणसं लागत होती. दहा झालो होतो, अकरावा मिळत नव्हता. काकांनी नाव दिलं तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. मोजताना काका आम्हाला हवे होते, हे लक्षात ठेवा. पुढे ते महत्त्वाचं आहे.

यात्रेत एक दिवस पायी चालण्याचा होता. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी जी दरी आहे, जिला तिथले लोक वादी केल्ट म्हणतात, त्या दरीतून दिवसभर चालायचं. प्रभू येशूने चांगल्या शोमरोन्याचा दाखला ज्या वाटेवर घडवला तोच हा डोंगराळ मुलूख. लूककृत शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायात तो मनुष्य यरुशलेमहून "खाली" जात होता असं सांगितलं आहे, आणि ते अगदी अक्षरशः खरं आहे. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली, सुमारे 250 मीटर. जेमतेम 25 किलोमीटरच्या अंतरात एक हजार मीटरचा उतार.

तयारी म्हणून आम्ही तीन शनिवार राजहंसगड चढलो. येळ्ळूरचा तो गड आम्हा बेळगावकरांना घरचाच. तिन्ही वेळा आम्ही वर पोहोचून डबे उघडले, खाल्लं, आणि डबे बांधायला घेतले की काका वर येत. हसत म्हणत, "तुम्ही व्हा की पुढं, मी येतोच." आणि आम्ही पुढे होत असू. तेव्हाच आम्हाला काही कळायला हवं होतं.

एप्रिल संपत आला होता. पहाटे मिनीबसने आम्हाला ऐन फव्वार या झऱ्यापाशी सोडलं. आमचा मार्गदर्शक बेथलेहेमजवळचा अरब ख्रिस्ती होता, शांत आणि मोजकं बोलणारा. त्याने प्रत्येकाच्या पिशवीत चार लिटर पाणी आहे की नाही ते स्वतः उघडून पाहिलं. मग म्हणाला, "आज खमसीन वाहणार आहे." खमसीन म्हणजे वाळवंटाकडून येणारा गरम वारा. वसंत ऋतूत तो अधूनमधून येतो आणि हवेतला ओलावा शोषून घेतो. घाम आलेला कळतसुद्धा नाही, अंगावरच सुकून जातो.

त्या झऱ्याचं पाणी थोडा वेळ वर येतं, कुंड भरतं, मग आपोआप खाली जातं, आणि काही वेळाने पुन्हा येतं. जमिनीखाली चुनखडीच्या पोकळ्या आहेत, त्या भरल्या की पाणी एकदम बाहेर पडतं, असं मार्गदर्शकाने समजावून सांगितलं. काका कुंडाच्या काठावर बसून बघत राहिले. आम्ही म्हणालो, "काका, चला." ही त्या दिवसातली पहिली हाक. अशा हाका आम्ही बऱ्याच मारल्या.

डोंगर म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे हिरवळ येते. इथे मात्र हाडासारखा पांढरट पिवळा खडक, त्यावर वाळलेलं काटेरी झुडूप, आणि सावली फक्त कड्याच्या पोटाला. एका बहिणीने विचारलं, "यरुशलेममध्ये तर झाडं आहेत, मग इतक्या जवळ हे असं का?" मार्गदर्शक म्हणाला, ढग समुद्रावरून पश्चिमेकडून येतात, डोंगर चढताना पाऊस तिकडेच पाडतात आणि इकडे रिकाम्या हाताने उतरतात. यरुशलेमला वर्षाला 550 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, यरीहोला जेमतेम 150. आम्हाला लगेच कळलं. आपल्याकडे खानापूरला पाऊस कोसळत असतो आणि विजापूरकडे शेतकरी आभाळाकडे बघत असतो, तसंच हे. सह्याद्री जे करतो तेच यहूदीयाचे डोंगर करतात.

सुरुवातीला आम्ही आनंदात होतो. दरीच्या तळाशी कुठे कुठे पाणी होतं, त्याच्या कडेने बोरू आणि हिरवं गवत. खडकांवर शाफान उन्हाला बसलेले. स्तोत्रसंहितेत वाचलेला हा प्राणी आम्ही पहिल्यांदाच पाहिला. मांजराएवढा, बिनशेपटीचा. वर काळे पक्षी फिरत होते. एलीयाला कावळ्यांनी भाकर पुरवली तो करीथ ओहोळ इथलाच, असं मानणारी जुनी परंपरा आहे. आम्ही थांबून तो उतारा वाचला, गीत गायलो. आवाज दोन्ही कड्यांवर आपटून परत येत होता.

नऊनंतर ऊन उतरू लागलं. दरीत वारा नसतो, आणि आला तर तो गरम. खडक तापले. वाट कधी तळातून, कधी कड्याला चिकटून. खडकांवर रंगवलेल्या तीन पट्ट्यांच्या खुणा शोधत चालायचं. ऐन केल्टच्या झऱ्यापाशी पोहोचलो तेव्हा अकरा वाजायला आले होते. तिथे मार्गदर्शकाने आम्हाला मोजलं. अकरा. मग त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली: "इथून पुढे वाट अरुंद आहे. एकाने सगळ्यांत शेवटी चालायचं. त्याच्या मागे कोणी राहता कामा नये." तरुण संघातल्या एकाने हात वर केला. दुसरी: "संत जॉर्जच्या मठाचं दार दुपारी बंद होतं. एकच्या आत पोहोचलो तर आत जाता येईल."

आमच्या कानांत दुसरी गोष्ट राहिली. पहिली राहिली नाही.

त्या मठाचे फोटो आम्ही सहा महिने बघत होतो. उभ्या कड्याच्या पोटात घरट्यासारखा चिकटवलेला, निळ्या घुमटांचा. पाचव्या शतकात इथल्या गुहांमध्ये संन्यासी राहू लागले, 614 साली इराणी स्वारीत मठ उद्ध्वस्त झाला, आणि 1878 पासून पुन्हा उभारला गेला. तिथे प्रार्थना करायची हे आम्ही बेळगावातच ठरवलं होतं. महिला मंडळाने प्रार्थनेच्या चिठ्ठ्या दिल्या होत्या. त्या चिठ्ठ्या घेऊन दाराबाहेर उभं राहायची पाळी यायला नको, एवढंच डोक्यात.

डाव्या हाताला पाण्याचा पाट होता. हेरोदाच्या काळात याच दरीतून यरीहोच्या राजवाड्याला पाणी नेलं जाई. त्या जुन्या बांधकामाचे अवशेष अजून दिसतात, आणि अलीकडच्या पाटातून पाणी वाहतंही. आम्ही पाटाच्या काठाने भराभर चाललो. शेवटचा माणूस म्हणून ठेवलेला मुलगा कधी पुढे आला ते त्यालाही आठवत नाही. कोणी तरी त्याला फोटो काढायला पुढे बोलावलं होतं. बोलावणारे आम्हीच.

एका वळणावर आमच्यातल्या एकीने मागे बघून विचारलं, "काका दिसत नाहीत?" आम्ही थांबलो. दोन मिनिटं थांबलो असू. कोणी तरी म्हणालं, "येतील. वाट एकच आहे." आणखी कोणी तरी म्हणालं, "राजहंसगडावरसुद्धा मागूनच यायचे." हे सगळं खरं होतं. एकही वाक्य खोटं नव्हतं. आणि आम्ही पुढे निघालो.

सव्वाबाराला मठाच्या दारात पोहोचलो. मार्गदर्शक सगळ्यांत पुढे होता. तो वळला आणि त्याने मोजलं. दहा. त्याने पुन्हा मोजलं. मग काही न बोलता तो आल्या वाटेने परत फिरला. त्याच्या मागे तो तरुण मुलगा आणि एक शिक्षक धावले.

आणि आम्ही उरलेले आठ जण आत गेलो.

हे वाक्य लिहायला आम्हाला फार वेळ लागला. त्या वेळी आमच्याकडे कारणं होती. तिघे गेले आहेत, आठ जण जाऊन काय करणार. दार बंद होईल. चिठ्ठ्या आहेत. आत थंडावा होता, मेणबत्त्यांचा वास होता. आम्ही डोळे मिटले आणि पहिली प्रार्थना केली ती काकांसाठी. "प्रभू, आमच्या काकांना सांभाळ." मनापासून केली. आमच्या पिशव्यांत तेव्हा प्रत्येकाकडे दीड-दोन लिटर पाणी होतं. ते पाणी पाठीवर घेऊन आम्ही देवाला सांगत होतो की काकांची तहान भागव.

दाखल्यातला याजक आणि लेवी हे दुष्ट लोक होते असं आपण रविवार शाळेत मुलांना शिकवतो. आम्हीही शिकवलं आहे. आता तसं शिकवता येणार नाही. ते आमच्यासारखे असावेत. त्यांच्याही डोक्यात कुठल्या तरी दाराची वेळ असेल.

बाहेर आलो तेव्हा आमच्यातल्या एका बहिणीला रडू फुटलं. ती एकटीच चालू लागली, आणि मग आम्ही सगळे तिच्या मागे. वीस-पंचवीस मिनिटं मागे गेल्यावर एका कपारीच्या सावलीत माणसं दिसली.

काका भिंतीला टेकून बसले होते. चेहरा पांढराफटक, शर्टाची बटणं उघडी, पाय पाटाच्या पाण्यात. डोकं भयंकर दुखत होतं, दोनदा उलटी झाली होती, पोटऱ्यांत गोळे आले होते. ऊन लागल्याची ही पहिली पायरी. आणखी तासभर उन्हात गेला असता तर काय झालं असतं, ते मार्गदर्शकाने नंतर सांगितलं आणि आम्ही ते इथे लिहीत नाही. काकांच्या मानेभोवती ओलं फडकं होतं. ते फडकं आमच्यापैकी कोणाचं नव्हतं. शेजारी एक बदाऊनी माणूस उकिडवा बसला होता, आणि मागे त्याचं गाढव.

त्या दरीत बदाऊनी लोक मेंढ्या चारतात, मठाच्या बाजूला यात्रेकरूंना गाढवावरून नेतात, सरबत विकतात. सकाळपासून असे दोघे-तिघे भेटले होते आणि आम्ही त्यांना हातानेच नको म्हटलं होतं. 'हे मागे लागतात, लक्ष द्यायचं नाही,' असं एकमेकांना सांगितलंही होतं. हा माणूस काकांना वाटेत पडलेले बघून थांबला. त्याने त्यांना सावलीत ओढलं, पाय पाण्यात सोडले, स्वतःच्या डोक्याचं फडकं भिजवून मानेला बांधलं आणि स्वतःच्या कॅनमधलं पाणी घोट घोट पाजलं. एकदम पिऊ दिलं नाही. आमची माणसं पोहोचेपर्यंत तो तिथून हलला नव्हता.

आम्ही मीठ-साखरेचं पाणी करून दिलं. अर्ध्या तासाने काकांच्या चेहऱ्यावर रंग आला. आता त्यांना मठाच्या वरच्या सडकेपर्यंत न्यायचं होतं, तिथे मिनीबस येऊ शकत होती. चालणं शक्य नव्हतं. बदाऊन्याने गाढवाकडे बोट दाखवलं आणि किंमत सांगितली. शंभर शेकेल.

आणि आम्ही घासाघीस केली.

बाजारात जी सवय लागते ती हातून सुटत नाही. आमच्यातला एक म्हणाला, "पन्नास." दुसरा म्हणाला, "बघा, शेवटी धंदाच." हे मराठीत बोललो, त्याला कळलं नसेल. काकांना कळलं. मार्गदर्शकाने भाषांतर केलं नाही, नुसता आमच्याकडे बघत राहिला. बोटांनी खाणाखुणा करत आम्ही सत्तरवर आणलं. बदाऊन्याने मान हलवली, काकांना दोन्ही हातांनी उचलून गाढवावर बसवलं, आणि सबंध वाटेत एक हात त्यांच्या पाठीला लावून चालला. ते फडकं त्याने परत मागितलं नाही.

यरीहोपर्यंत पायी जायचं राहिलंच. मार्गदर्शकाने तिथेच चालणं थांबवलं. मिनीबसमध्ये कोणी बोलत नव्हतं. पुढच्या सीटवर काका डोळे मिटून पडले होते. आम्हाला वाटलं झोपले. मग त्यांनी मान न वळवता विचारलं, "काय रे, मठ आतनं कसा आहे?"

त्यांनी रागाने विचारलं नाही. टोमणा मारला नाही. त्यांना खरोखरच ऐकायचं होतं. मावशींनी त्या मठाचं चित्र कुठल्याशा कॅलेंडरवर पाहिलं होतं आणि ते कापून बायबलात ठेवलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. आम्ही आठ जण आत जाऊन आलो होतो, आणि आठांपैकी एकालाही आत काय होतं ते सांगता आलं नाही. नुसता थंडावा आठवत होता.

प्रियांनो, त्या रात्री यरीहोत आम्ही पुन्हा 10 वा अध्याय उघडला. आजवर हजारदा ऐकलेल्या दाखल्यात त्या रात्री आम्हाला दोन दिनार दिसले. दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. शोमरोन्याने जखमीला आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला पैसे दिले. वर सांगितलं की जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन. त्या दाखल्यात दयेचा हिशोब आहे, आणि तो करताना घासाघीस नाही. उतारशाळेच्या मालकाने पैसे घेतले म्हणून प्रभूने त्याला कमी लेखलेलं नाही.

आम्ही मात्र त्या माणसाने शंभर मागितले त्या क्षणी त्याचं आधीचं सगळं पुसून टाकलं. फडकं, पाणी, तासभर उन्हात बसणं, यातल्या कशाचे त्याने पैसे मागितले नव्हते. मागितले ते गाढवाचे, जे त्याचं पोट आहे. आपल्या आजारी माणसाला रात्रभर सांभाळणारी आया पगार घेते, दवाखान्यापर्यंत नेणारा रिक्षावाला भाडं घेतो. म्हणून त्यांच्या हातात दया नसते काय? आणि आपण फुकट सेवा करतो म्हणून आपल्या हातात ती असतेच, असं कोणी सांगितलं?

राहिलेले तीस शेकेल आम्ही दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकाकडे दिले. त्यात आणखी थोडे घातले. पाच आठवड्यांनी त्याचा निरोप आला: माणूस भेटला, पैसे दिले. त्याने ते मोजले नाहीत. आधी विचारलं, "हज्जी कसा आहे?" तिकडे वडीलधाऱ्याला हज्जी म्हणतात. शंभरातले तीस आम्ही कापले, आणि त्याने पहिल्यांदा काकांची चौकशी केली.

परत आल्यावर आम्ही पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी आम्हाला काही उपदेश केला नाही. फक्त विचारलं, "आपल्या मंडळीत शेवटचा माणूस कोण आहे?" आम्हाला उत्तर येईना. रविवारी उपासना नऊला सुरू होते, गायकगट वेळेवर, घोषणा वेळेवर, आम्ही सगळे वेळेवर. मागे कोण राहिलं ते मोजत कोणीच नव्हतं.

आता दर रविवारी उपासनेनंतर आमच्यापैकी दोघे मागच्या बाकावर बसून यादी बघतात. सलग दोन रविवार जो दिसला नाही त्याच्या घरी त्याच आठवड्यात जायचं. नुसता फोन करायचा नाही, जायचं. पहिल्याच यादीत चार नावं निघाली. त्यातल्या एक आजी चर्चपासून तीन गल्ल्यांवर राहतात. पाच महिने अंथरुणाला खिळलेल्या. पाच महिने आम्ही दर रविवारी "आजारी बंधू-भगिनींसाठी" प्रार्थना करत होतो, आणि त्यांच्या दारावरून गाडी घेऊन चर्चला जात होतो. आम्हाला बघून त्या म्हणाल्या, "आलात होय? मला वाटलं वाट विसरलात."

आजींना सांभाळायला दिवसा एक बाई येतात. त्यांचा पगार दोन महिने थकला होता. त्या तरीही येत होत्या. मंडळीने तो पगार दिला, मागितला तेवढा.

काका बरे आहेत. ते या यादीचं काम आमच्याबरोबर करतात आणि अजूनही हळूच चालतात. घरभेटीला निघालो की आम्ही त्यांच्या चालीने चालतो. राजहंसगडावर या पावसाळ्यानंतर पुन्हा जायचं आहे. डबा वर पोहोचल्यावर सगळ्यांनी मिळूनच उघडायचा, असं ठरलं आहे.

वाचणाऱ्या बंधू-भगिनींनो, तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की हैदराबादला, तुमच्या मंडळीतही एखादं वळण असेल जिथे कोणी तरी मागे बघून विचारलं असेल, "ते दिसत नाहीत?" आणि बाकीचे म्हणाले असतील, "येतील. वाट एकच आहे." या रविवारी चर्चला जाताना एकदा मोजून बघा. पोहोचायला थोडा उशीर झाला तरी चालेल.

हे प्रभू येशू, तू यरीहोहून यरुशलेमला तीच वाट चढून गेलास आणि वाटेत आंधळ्याच्या हाकेला थांबलास. आम्हाला थांबायला शिकव. जे मागे राहिले त्यांच्यापाशी आम्हाला परत ने. आणि ज्याला आम्ही हाताने नको म्हटलं, त्याच्या हातून तू आमच्या माणसाला वाचवलंस, याबद्दल तुझे आभार. आमेन.